पन्नास ते नव्वदच्या दरम्यान

४ ऑक्टोबर १९५२, शनिवार
आजपासून नियमित रोजनिशी. कारणही तसेच आहे.
देशिंगकर साहेब वर्षभराच्या ट्रेनिंगला विलायतेस चालले. बंगला रिकामा करायचा म्हणून आम्हा अकरा जणांना बोलावले होते. कोणी खुर्ची उचलली, कोणी आरसा. आकारामने सायकलचा पंप घेतला. (आकाराम माझ्या हाताखाली आहे. नोकरीला चारच वर्षे. नजर पंपापर्यंतच जायची.) माझ्या हाती मात्र साहेबांची कुंडी आली. आत आफ्रिकेतले झाड. पाने जाड, बोटांसारखी, पाण्याने भरलेली. अशा झाडाला इंग्रजीत सक्युलंट म्हणतात. त्याचे खरे नाव लॅटिन आहे. साहेब एकदा बोलले, पुन्हा विचारणे बरे दिसले नसते.
सोबत भिंतीवरचा थर्मामीटर दिला आणि म्हणाले, "पन्नासच्या खाली नको, नव्वदच्या वर नको. बाकी काही करू नका."
पन्नास ते नव्वद. फॅरनहाइट. बाराही महिने. अकरा जणांत ही जबाबदारी एकाला दिली, यातच सर्व आले. साहेब परत येतील त्या सुमारास हेडक्लार्क रिटायर होणार. साहेब तसे काही म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

६ ऑक्टोबर, रात्री ८
पारा ७९. उत्तम.
आमच्या माडीवर दोन खोल्या. पुढच्या खोलीला एकच खिडकी. झाडाची जागा तीच. वारे लागू नये म्हणून खिडकी बंद केली. श्यामला तेथे बसून वाचीत असे. ती मॅट्रिक आहे, शाळांतून नोकरीचे अर्ज करीत असते. हौस आहे, मी अडवीत नाही. तिला कंदिलापाशी बसायला सांगितले. ती म्हणाली, दिवसाढवळ्या कंदील? म्हटले, एकच वर्ष.

१८ ऑक्टोबर, दिवाळी
पारा ७६. दरवर्षी आम्ही दिवाळीला जयसिंगपूरला जातो, श्यामलेच्या माहेरी. या वर्षी मी रद्द केले. चार दिवस थर्मामीटर कोण पाहणार? तिला एकटीला जा म्हटले, तर म्हणाली, दिवाळीला एकटी गेले तर आक्का काय म्हणेल. (आक्का तिची थोरली बहीण.) तिने परिस्थिती समजून घेतली. दिवसभर बोलली नाही, ही तिची समजून घेण्याची पद्धत.
पेठेतली पोरे दाराशीच फटाके लावतात. कुंडी मागच्या खोलीत हलवली.

२२ डिसेंबर, सकाळी ६.१०
पारा ५१! एका अंशाची गोष्ट.  

२२ डिसेंबर, संध्याकाळी
उपाय सापडला. खाली घरमालकीण चिमणाबाईंचा गोठा आहे. पाच म्हशी. थर्मामीटर नेऊन पाहिला: ६४. नैसर्गिक ऊब, चोवीस तास. विलायतेतही अशी सोय नसेल. कुंडी रात्रभर गव्हाणीच्या वरच्या फळीवर ठेवण्याचे ठरले.
चिमणाबाई धारेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "ह्येला ऊब लागती व्हय? आमच्या बांधावर असलं काय काय हाय, त्येला कोण पांघरून घालतंय?" त्यांना म्हटले, हे आफ्रिकेचे आहे. त्या म्हणाल्या, "मग तर तितं कोण हुतं त्येच्याजवळ?"
अशिक्षित, पण दूध निर्भेळ देतात.

२३ डिसेंबर
म्हशीने तीन बोटे खाल्ली. आता सहा उरली. साहेबांना दुसरा रिपोर्ट लिहिला: थंडीपूर्वीची छाटणी वेळेवर केली आहे.
कुंडी आता स्वयंपाकाच्या जागी, चुलीशेजारी. श्यामलेला भाकरी थापायला उंबऱ्यापाशी बसावे लागते. जागा पुरते. मी बसून पाहिले.

१५ जानेवारी १९५३
कालची संक्रांत चांगली गेली नाही.
मुद्दाम सविस्तर लिहून ठेवतो. सोमवारी मोठ्या साहेबांनी बोलावले. राधानगरीला हेडक्लार्कची जागा निघाली आहे, तुमचे नाव पहिले आहे, लगेच हजर व्हा. मी दोन मिनिटे मागितली. राधानगरीची थंडी मला ठाऊक आहे, आणि पावसाळ्यात तेथे भिंतींनासुद्धा बुरशी येते. कुंडीचे काय होईल? कौटुंबिक कारणास्तव नकार लिहून दिला. देशिंगकर साहेब आल्यावर कोल्हापूरचीच जागा मिळायची, मग आडगावी कशाला जा? हिशेब पक्का आहे. मोठे साहेब थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. बहुधा कौतुकाने.
श्यामलेला घरी इतकेच सांगितले की राधानगरीची गोष्ट निघाली होती, पण कचेरी मला सोडायला तयार नाही.
काल संध्याकाळी आकाराम तिळगूळ आणि पेढे घेऊन आला. तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "वैनी, दादांनी नको म्हटलं म्हणून राधानगरी मला मिळाली बघा. लई मोठं मन." ती म्हणाली, "हो का? घ्या, चहा घ्या." तो गेल्यावर तिने पेढ्याचा पुडा कुंडीपुढे ठेवला आणि आत गेली.
 

२८ जानेवारी
सकाळी ६.३० ला पारा ५३. श्यामला कालपासून तापाने फणफणली आहे. घरात शेगडी एकच. ती कुंडीपाशी होती, ती दोघांच्या मधोमध सरकवली. एक निरीक्षण: खोलीत तापलेला माणूस असला की पारा अंशभर वर राहतो. तिला उत्साह यावा म्हणून हे सांगितले. तिने भिंतीकडे तोंड केले.
चिमणाबाई पेज घेऊन वर आल्या. "डाक्टर आणलासा का?" म्हटले, संध्याकाळी कचेरीतून येताना आणतो. "संध्याकाळी कशाला? आत्ता जावा की. ते झाड काय पळून जात न्हाय."
गेलो. डॉक्टरांनी मलेरिया सांगितला. औषध, पूर्ण विश्रांती, आणि खिडकी उघडी ठेवा, या खोलीत हवा नाही म्हणाले.
औषध आणले. खिडकीचे मी चिमणाबाईंना सांगितले नाही.

३० जानेवारी
कचेरीतून येतो तो खिडकी सताड उघडी. चिमणाबाईंनी उघडली. डॉक्टरांना वाटेत गाठून विचारले म्हणे. पारा ६१ होता. अजून एक तास गेला असता तर? खिडकी लावायला गेलो, तेव्हा श्यामला अंथरुणातून म्हणाली, "राहू द्या." इतक्या हळू म्हणाली की नीट ऐकू आले नाही असे म्हणता आले असते. पण राहू दिली. कुंडी माझ्या शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो.

१२ मार्च
आनंदाची बातमी. झाड चार इंचांनी वाढले! सहाही बोटे लांब, बारीक, फिकट हिरवी झाली आहेत. आता ती बोटे न वाटता वेलाच्या टोकांसारखी दिसतात. सारखी दाराच्या फटीकडे वळतात. मनमिळाऊ आहे. काठीने टेकू दिला. वर्षाअखेर फूटभर होईल.
साहेबांना सहावा रिपोर्ट. उत्तर अद्याप एकाचेही नाही. बोटीने टपाल जाते, वेळ लागणारच.
श्यामला बरी आहे. अशक्तपणा आहे. पुन्हा अर्ज लिहीत असते, आता खाली चिमणाबाईंच्या ओसरीवर बसून. तेथे उजेड आहे म्हणते.

१९ एप्रिल, दुपारी २
पारा ९७!! खिडकीला ओले गोणपाट, दोन्ही बाजूंना दोन माठ, मी पंखा घेऊन. तासाभरात ९७ चा ९४ केला आहे. आज रविवार म्हणून जमले. उद्या काय?

२० एप्रिल
अर्धी रजा.

२७ एप्रिल
सर्व रजा संपली. आता अकरा ते पाच श्यामलेने पंखा घालायचा असे ठरवले. तिला अजून सांगितलेले नाही. योग्य वेळ पाहतो आहे.

२९ एप्रिल
योग्य वेळ पाहून सांगायला गेलो तर तिनेच सांगितले. विचारले नाही, सांगितले. जयसिंगपूरला मुलींच्या शाळेत नेमणूक झाली. आठ जूनला हजर व्हायचे. कागद दाखवला. नाव बरोबर आहे: सौ. श्यामला नृसिंह पोतनीस. मी दोनदा वाचला.
ती म्हणाली, "तुम्हीही तिकडे बदली मागा. दोघे राहू."
म्हटले, विचार करावा लागेल. जयसिंगपूरचा उन्हाळा इथल्यापेक्षा कडक.
ती म्हणाली, "मी तिथे वीस उन्हाळे काढलेत."
म्हटले, तुझी गोष्ट वेगळी.
"हो," ती म्हणाली. मग बराच वेळ कागदाची घडी घालत बसली. एवढासा कागद.
पंख्याचा विषय काढला नाही.

७ जून, रविवार
श्यामला गेली. एक ट्रंक, एक वळकटी. स्टेशनवर जाणार होतो, टांगाही सांगितला होता. पण निघायच्या वेळी पारा ९१. चिमणाबाई तिच्याबरोबर गेल्या. मी खिडकीचे गोणपाट बाजूला करून हात केला. तिने वर पाहिले असावे. टांग्याचा टप आड आला.
व्यवस्था उत्तम झाली आहे. ती तिकडे स्थिरावेल. मी इकडे साहेब येईपर्यंत सांभाळीन. मग हेडक्लार्क झालो की तिला नोकरी सोडायला सांगीन, आणि ती आनंदाने सोडील. स्वतःची भाकरी स्वतः करणे सोपे आहे. आज जळली.
संध्याकाळी चिमणाबाईंनी कालवण पाठवले नाही, स्वतः घेऊन आल्या. म्हणाल्या, "वैनी गाडीत बसूस्तवर मागं बगत हुत्या. तुमी का न्हाय गेलासा संगट?" मी कुंडीकडे बोट केले. त्या म्हणाल्या, "तुमास्नी काय दावं लावलंय त्येनं?"
 पारा ८८.

१५ जुलै
नऊ दिवस सूर्य नाही. पारा ७० च्या आसपास, म्हणजे नियमात. पण हवेत ओल फार. म्हणून दार-खिडकी बंद, आत कोळशाची शेगडी. डोळे चुरचुरतात, खोकला लागला आहे. झाडाला घाम येत असेल म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. खालच्या तालमीतली पोरे चिखलात फुटबॉल खेळून ओरडत येतात. कोणीतरी जिंकले असावे. मी पेठेत कोणाला भेटून महिना झाला.
झाड बुडाशी मऊ लागते. म्हणजे पाणी चांगले साठवले आहे.
श्यामलेचे पत्र. वर्गात त्रेचाळीस मुली. एक खोली घेतली आहे, शाळेपासून जवळ; माहेरी कायमचे राहणे बरे दिसत नाही म्हणते. माझी विचारपूस आहे. झाडाची नाही. घाईत राहून गेली असेल.

२६ जुलै
आज जे घडले ते शांत डोक्याने लिहितो.
चिमणाबाई वास आला म्हणून वर आल्या. दार ढकलून आत. शेगडी उचलून जिन्यात ठेवली. कुंडीत बोट घातले, नाकाशी नेले. "कुजलंय की वो हे!" मी समजावू लागलो की हे लक्षण... तोवर त्यांनी कमरेचा विळा काढला आणि पाच बोटे खचाखच. मी ओरडलो. साहेबांचे झाड आहे! त्या म्हणाल्या, "साहेबाचं आसंल, पर मेलं तर तुमच्या घरात मरतंय." एक शेंडा बरा होता, तो त्यांनी तसाच कोरड्या राखेत-मातीत खोवला. "आता पानी घालू नगासा. आन् आज खाली जेवायला या. तोंड बगा आरशात."
आरसा श्यामलेने नेला आहे.
अकरावा रिपोर्ट लिहायला घेतला. "झाडाचे स्वरूप आता अधिक आटोपशीर झाले आहे" इथपर्यंत आलो. पुढे सुचले नाही. झोप लागली.

४ सप्टेंबर
शेंड्याने मूळ धरले. दोन बोटे, जाडजूड. मी रोज लक्ष ठेवल्याचे फळ. (पाणी चिमणाबाई घालू देत नाहीत.)

१० नोव्हेंबर, मंगळवार
साहेब आले! विलायतेहून सप्टेंबरातच परतले होते, पुण्यास नेमणूक, एक दिवसाच्या दौऱ्यावर कोल्हापुरात. माझी पत्रे विलायतेस पोचेपर्यंत ते निघाले असतील, म्हणूनच उत्तर नाही.
कुंडी शालीत गुंडाळून टांग्याने विश्रामगृहावर. पारा ७८. व्हरांड्यात तीन तास. आत आकाराम होता, राधानगरीच्या फायली घेऊन. त्याच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि साहेबांच्याही. बाहेर आला तेव्हा माझ्यासाठी खुर्ची आणून दिली. पूर्वी तो मला पाणी आणून देत असे. म्हणजे तो बदललेला नाही.
साहेब आले. मी शाल काढली. साहेब म्हणाले, "हे काय?"
सांगितले. सर्व सांगितले. पन्नास ते नव्वद, एक दिवस चुकवला नाही.
साहेब कुंडीकडे पाहत म्हणाले, "अरे, ते? माळी टाकायला निघाला होता ते? तुम्हीच म्हणालात ना, मी नेतो म्हणून?" मग म्हणाले, "पोतदार, हे बाहेर ठेवायचं हो. उन्हात. काही लागत नाही त्याला."
मी म्हटले, पोतनीस.
ते म्हणाले, "हो हो. बरं, ठेवा तुम्हालाच." आणि मोटारीत बसले.
रिपोर्टांविषयी विचारायचे राहून गेले.

११ नोव्हेंबर
रात्री नीट विचार केला. साहेबांनी झाड कायमचे माझ्या नावे केले, असा याचा अर्थ होतो. तोंडी का होईना.
कोल्हापूरच्या हेडक्लार्कची जागा गेल्या महिन्यातच भरली, असे आज समजले. सांगलीचे कोणी आहेत. मला कोणी विचारले नाही, कारण मी कौटुंबिक अडचणीमुळे जबाबदारी घेऊ शकत नाही असे फायलीत आहे. अक्षर माझेच.
जयसिंगपूरला बदलीचा अर्ज दिला. तेथे जागा नाही. थांबा म्हणाले.
खिडकी उघडली. पेठ जशीच्या तशी आहे.

२१ नोव्हेंबर
बिनपगारी रजा घेतली. उद्या सकाळच्या मिरजेच्या गाडीने जयसिंगपूर. श्यामलेला कळवलेले नाही. तिला एकदम आनंद व्हावा. कुंडी बरोबर घेतो. आता तिच्याशी एकदा मोकळेपणाने सर्व बोलून टाकायचे. काय बोलायचे ते गाडीत ठरवीन. चिमणाबाईंनी भाकऱ्या बांधून दिल्या. 

२२ नोव्हेंबर, रविवार, रात्री ९
पोचलो. खोली लहान, पण खिडकी मोठी. भिंतीला मुलींनी काढलेली चित्रे. खाट एक.
श्यामला दारात उभी राहिली. आनंद झाला असावा. ती पटकन दाखवीत नाही. आधी कुंडी माझ्या हातून घेतली आणि बाहेर कट्ट्यावर ठेवली. उघड्यावर.  मग पाणी दिले, जेवायला वाढले. मी खोकलो तेव्हा सुंठ दिली.
गाडीत ठरवलेले आठवेना. एवढेच म्हणालो की जानेवारीत डॉक्टर खिडकी उघडायला सांगून गेले होते, ते मी सांगितले नव्हते.
ती म्हणाली, "माहीत आहे."
मग बराच वेळ वह्या तपासत होती. मध्येच म्हणाली, "किती दिवस आहात?" म्हटले, तू म्हणशील तितके. ती म्हणाली, "मी काही म्हणत नाही."
थोड्या वेळाने म्हणाली, "इथे मी सांगितलंय, घरी आजारी माणूस आहे, त्याला सोडून यांना येता येत नाही. सगळ्या चौकशी करतात. आक्काही." आणि लाल पेन्सिलीला टोक करू लागली.
मी खाली चटईवर. उद्या बोलू. उद्या नक्की.

२३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी १०.५०
मी मागे मोरीत तोंड धूत होतो तेव्हा श्यामला शाळेला गेली. मोरीतून येऊन पाहतो तो पुढचे दार उघडत नाही. बाहेरून कुलूप आहे.
सवय असणार. साडेपाच महिने एकटीच राहते. जाताना कुलूप लावायचे, एवढेच. मुद्दाम नाही. मुद्दाम असते तर चहा झाकून ठेवला नसता. चहा एकच कप होता, अर्धा प्यालेला. बहुधा तिचाच.

११.१५
खिडकीला गज आहेत. कट्ट्यावर झाड उन्हात आहे. येथून बरोबर दिसते. ठीक दिसते. थर्मामीटर कोल्हापुरात राहिला.
शाळा पाचला सुटते.

११.४०
समोरच्या बाई मिरच्या वाळत घालत आहेत. हाक मारली तर येतील, शाळेतून किल्ली आणतील. पण आधी विचारतील, आपण कोण. सांगितले की लगेच विचारतील, घरचे आजारी माणूस कसे आहे. बरे आहे म्हणावे, तर इतके दिवस का आला नाहीत. गेले म्हणावे, तर श्यामलेने त्यांना का सांगितले नाही.
नीट उत्तर ठरवतो आणि मग हाक मारतो.

१२.२५
बाई आत गेल्या.